व्हिडिओ गेम, गतीचे नियम आणि मराठीतील ‘जोर’

विज्ञानाच्या अध्यापनात व्हिडिओ गेमला स्थान द्यावे की नाही, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून केली जाते. एका पक्षाच्या मते खेळ हा अभ्यासाचा शत्रू होय. दुसऱ्या पक्षाच्या मते मूल ज्यात रमते त्यातूनच ते शिकते. म्हणून पाठ्यपुस्तकाचे खेळात रूपांतर केले की काम झाले. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती ही की, शिकणे म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखात त्या गृहीतकाचाच विचार करावयाचा आहे. खेळणाऱ्या मुलाच्या बोटांना जे कळते ते त्याच्या बोलण्यात कसे उतरते, आणि ते बोलण्यात उतरले नाही तर त्याला विज्ञान म्हणता येईल काय, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो शिक्षणशास्त्राचा आहे. त्याचा गाभा मात्र भाषेचा आहे.

विवेचन आटोपशीर राहावे म्हणून येथे गतिविज्ञान हा एकच विषय घेतला आहे. व्हिडिओ गेममध्ये काहीतरी सतत हलत, आदळत, पडत असते, त्यामुळे या विषयाचा आणि खेळाचा संबंध सर्वांत निकटचा आहे. उदाहरणांसाठी मुख्यतः काळाचौकी, लालबाग, परळ या भागातील मराठी बोलणाऱ्या मुलांचे भाषिक जग डोळ्यांसमोर ठेवले आहे.

१. खेळ आणि पदार्थविज्ञान

व्हिडिओ गेमचा जन्मच मुळी पदार्थविज्ञानाच्या घरी झाला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांसाठी ‘टेनिस फॉर टू’ नावाचा खेळ तयार केला. ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर एक ठिपका चेंडूप्रमाणे जाळीवरून इकडून तिकडे जाई, आणि त्याचा मार्ग संगणकाने गणित करून ठरविलेला असे. पुढे १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे ‘एमआयटी’त, ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. त्यात दोन याने एकमेकांवर मारा करतात आणि मध्यभागी असलेला तारा त्यांना गुरुत्वाने आपल्याकडे खेचतो. इंजिन बंद केले तरी यान थांबत नाही. ज्या दिशेने चालले होते त्या दिशेने ते चालतच राहते. न्यूटनचा पहिला नियम पडद्यावर हाताळता येऊ लागला तो असा.

परंतु हा नियम खेळाडूला जड जातो. १९७९ साली ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ हा खेळ लोकप्रिय झाला. त्याची कथा अंतराळातील. तरीही इंजिन बंद केल्यावर त्यातील यान हळूहळू मंदावते. पोकळीत हा विरोध कोठून आला, असे कोणी विचारीत नाही, कारण माणसाच्या नित्य अनुभवाशी तो जुळतो. व्हिडिओ गेमचे जग हे रचलेले जग असते. त्यातील निसर्गनियम रचणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतात, आणि ही इच्छा पुष्कळदा विज्ञानाच्या बाजूने नसून खेळाडूच्या सवयीच्या बाजूने असते. शिक्षकाने खेळ निवडताना प्रथम पाहावयाचे ते हेच.

२. कासवाचा धडा

खेळातून गतीचे नियम शिकता येतात काय, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध एका कासवापासून सुरू झाला. सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा निर्माण केली. ‘इतके पुढे जा’, ‘इतके वळ’ अशा आज्ञांनी तिच्यातील कासव चालते. या कासवाला अँड्रिया डिसेसा यांनी न्यूटनचे नियम लावले. त्यांचे कासव ‘पुढे जा’ म्हटल्याने पुढे जात नाही. त्याला ‘ढकलावे’ लागते, आणि एकदा ढकलले की ते आपल्या गतीने जात राहते. हे कासव एका लक्ष्यावर नेऊन शक्य तितक्या कमी चालीने आदळवावयाचे, असा खेळ होता.

या प्रयोगाचे वृत्त १९८२ साली प्रसिद्ध झाले. कासव वर चालले आहे आणि लक्ष्य उजवीकडे आहे, अशा वेळी मुले काय करीत? लक्ष्याच्या नेमके डावीकडे कासव येईपर्यंत ती थांबत, त्याचे तोंड उजवीकडे वळवीत आणि त्याला ढकलीत. कासव उजवीकडे सरळ जाईल अशी त्यांची खात्री असे. प्रत्यक्षात ते तिरपे जाई आणि लक्ष्य चुकवी, कारण त्याची वर जाण्याची पहिली गती नाहीशी झालेली नसे. विशेष हे की, पदार्थविज्ञान शिकलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीनेही आरंभी हीच चूक केली. गतीची सूत्रे तिला पाठ होती; परंतु ती सूत्रे आणि पडद्यावरील कासव यांची गाठ तिच्या मनात पडली नव्हती.

पुढे बार्बरा व्हाइट यांनी याच दिशेने ‘थिंकरटूल्स’ हा अभ्यासक्रम रचला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, या मार्गाने शिकलेल्या सहावीच्या मुलांनी नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांपेक्षा गतीविषयक प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली दिली. हे यश एकट्या खेळाचे मानणे बरोबर होणार नाही. त्या अभ्यासक्रमात मुलांनी खेळल्यानंतर आपणांस दिसलेला नियम शब्दांत मांडावयाचा, इतरांनी मांडलेल्या नियमांशी तो ताडून पाहावयाचा, त्यावर वाद करावयाचा आणि कोणता नियम टिकतो ते ठरवावयाचे, असा क्रम होता. व्हिडिओ गेमविषयीच्या नंतरच्या संशोधनातही हाच मुद्दा पुनःपुन्हा येतो: खेळाने सहजज्ञान वाढते, ते स्पष्ट विधानात आणण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागतो.

३. ‘चेंडूत जोर’ आणि ‘चेंडूवर बल’

हा वेगळा प्रयत्न मराठीत कोणत्या स्वरूपाचा असेल, हे पाहण्यासाठी एका साध्या प्रश्नाकडे वळू. जमिनीवरून घरंगळत गेलेला चेंडू का थांबला? मराठी मूल सहज म्हणते, ‘त्यातला जोर संपला.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि व्यवहारात उपयुक्त आहे. भोवऱ्यातला जोर जातो, दगडाचा जोर ओसरतो, फटक्यात जोर असतो. या प्रयोगांतून दिसते की ‘जोर’ ही वस्तूत भरलेली, तिच्यात काही काळ राहणारी आणि नंतर आटणारी चीज आहे. कळशीत पाणी असावे तसा चेंडूत जोर असतो.

पदार्थविज्ञानाच्या इतिहासात या कल्पनेला मोठी परंपरा आहे. सहाव्या शतकात फिलोपोनस याने आणि चौदाव्या शतकात बुरिदाँ याने तिचे शास्त्रीय रूप मांडले होते. फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो आणि तिच्या आधारे वस्तू पुढे जाते, असे ते रूप होते. १९८३ साली मायकेल मॅक्लॉस्की यांनी दाखवून दिले की, आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गतीविषयक विचारही पुष्कळ अंशी याच वळणाचे असतात. हे विद्यार्थी अमेरिकेतील होते. तेव्हा ‘जोर संपला’ म्हणणे हा मराठीचा दोष आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रत्येक भाषेने नित्याचा अनुभव आपापल्या परीने साठवून ठेवलेला असतो, इतकेच.

आता पाठ्यपुस्तकाची भाषा पाहा. बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच पाठ आहे. विस्थापन, चाल, वेग, त्वरण, बल या संज्ञा विद्यार्थ्यास तेथे एकत्र भेटतात. यांपैकी ‘बल’ ही संज्ञा ‘जोर’ या शब्दाची संस्कृत बहीण आहे, असा समज सहज होतो. परंतु वाक्यातील तिचे वर्तन निराळे आहे. बल वस्तूत नसते. ते वस्तूवर लावले जाते. ‘चेंडूत बल आहे’ हे वाक्य गतिविज्ञानात चूक ठरते. एका बाजूस ‘-त’ हा प्रत्यय, दुसऱ्या बाजूस ‘-वर’ हे शब्दयोगी अव्यय. अ‍ॅरिस्टॉटल आणि बुरिदाँ यांच्यापासून न्यूटनपर्यंतचे अंतर मराठीत एवढ्याशा जागेत सामावले आहे.

क्रियापदांतही हेच दिसते. ‘थांबणे’ हे अकर्मक आणि ‘थांबवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. प्रयोजक क्रियापदांचे सविस्तर विवेचन मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आपल्याला परिचित आहे. व्यवहारात आपण ‘चेंडू थांबला’ असे म्हणतो. थांबणे हा जणू चेंडूचा स्वभाव आहे आणि त्याला वेगळ्या कर्त्याची गरज नाही. न्यूटनच्या जगात मात्र कोणतीही वस्तू आपण होऊन थांबत नाही. तिला घर्षण थांबवते, भिंत थांबवते, हात थांबवतो. तेव्हा पहिल्या नियमाचे आकलन म्हणजे एका अर्थी ‘थांबला’ या प्रत्येक क्रियापदामागे लपलेला ‘थांबवणारा’ शोधण्याची सवय होय.

डिसेसा यांच्या कासवाचा खेळ मराठी मुलाने खेळला तर काय होईल, याची कल्पना आता करता येईल. त्या खेळात ‘थांबणे’ अस्तित्वातच नाही. कासव थांबवावयाचे असेल तर त्याचे तोंड उलट दिशेस करून त्याला ढकलावेच लागते. पुस्तकातील व्याख्या जे काम करू शकत नाही ते हा खेळ अर्ध्या तासात करतो: अकर्मक क्रियापद त्याच्या जगातून काढून घेतो. मात्र खेळ संपल्यावर मुलाने पुन्हा ‘जोर संपला’ म्हणावयाचे की ‘कोणी थांबवले?’ असे विचारावयाचे, हे खेळ ठरवीत नाही. ते वर्गातील संभाषण ठरविते.

४. काळाचौकीतील जुने ज्ञान

येथे एक आक्षेप संभवतो. मुलांना गतीचा अनुभव देण्यासाठी संगणक कशाला पाहिजे? काळाचौकी-लालबागच्या गल्ल्यांत कॅरम आहे, गोट्या आहेत, भोवरा आहे. कॅरमचा चांगला खेळाडू कोनांचे आणि टकरींचे ज्ञान बोटांत बाळगून असतो. बोर्डावर बोरिक पावडर टाकली की स्ट्रायकर दूरवर जातो, हेही तो जाणतो. म्हणजे घर्षण कमी केल्याचा परिणाम तो रोज पाहतो.

आक्षेपात तथ्य आहे, आणि या भागापुरते ते अधिकच आहे. कापडगिरणीच्या साच्यावर काम केलेल्या माणसाला जडत्व समजावून सांगावे लागत नसे. साच्यावर धोटा एका टोकाच्या पेटीतून फेकला जातो आणि दुसऱ्या टोकाच्या पेटीत त्याला अडवावे लागते. तो तेथे आपण होऊन थांबत नाही, आणि नीट अडवला गेला नाही तर बाहेर उडून माणसाला जखमी करू शकतो. ‘थांबणे’ आणि ‘थांबवणे’ यांतील फरक येथे व्याकरणाचा राहत नाही. तो कामगाराच्या डोळ्याचा आणि हाताचा प्रश्न होतो. १९८२ सालच्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. काळाचौकीतील इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. कामगारांच्या हातातील हे ज्ञान मात्र नातवंडांपर्यंत फारसे पोहोचले नाही, कारण त्याला विज्ञान म्हणून कोणी शब्दांत मांडले नाही. हातातले ज्ञान बोलण्यात न आल्याने लुप्त कसे होते, याचे हे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे. व्हिडिओ गेममधून मिळालेल्या ज्ञानाचेही असेच होऊ शकते.

कॅरम आणि व्हिडिओ गेम यांत तरीही एक महत्त्वाचा भेद आहे. कॅरमवर पावडर कितीही टाकली तरी घर्षण उरतेच, म्हणून सोंगटी अखेर ‘थांबते’. घर्षण पूर्णपणे काढून टाकलेले जग पृथ्वीवर दाखविता येत नाही. गॅलिलिओलाही त्याची कल्पनाच करावी लागली. रचलेल्या जगात ते दाखविता येते, आणि एका बटणाने घर्षण पुन्हा आणताही येते. व्हिडिओ गेमचे खरे शैक्षणिक मूल्य रंग, गुण आणि बक्षिसे यांत शोधण्यापेक्षा, निसर्गनियम बदलून पाहण्याच्या या सोयीत शोधले पाहिजे. कॅरम आणि पडदा यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्याचे म्हणूनच कारण नाही. पडद्यावर जे दिसले ते कॅरमवर का दिसत नाही, हा प्रश्न विचारला की दोन्ही खेळांचे सार्थक होते.

५. मुंबई व महाराष्ट्रातील प्रयत्न

भाषा आणि विज्ञानशिक्षण यांच्या संबंधाचा विचार मुंबईत नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ साली झाली. आरंभी ते नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीत होते आणि आज मानखुर्द येथे आहे. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि मुंबईच्या महापालिका शाळांत या केंद्राने काम केले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि वि. गो. गंभीर यांनी १९८१ साली भाषेचा अडसर आणि शिक्षणाचे सार्वत्रिकीकरण यांवर निबंध प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या पाठाची भाषा सोपी केली असता विद्यार्थ्यांच्या आकलनात सुधारणा होते, हा त्यांच्या कामाचा सारांश होता. विषय अवघड की भाषा अवघड, हा प्रश्न त्यांनी मराठी माध्यमाच्या संदर्भात प्रयोगाच्या पातळीवर आणला.

संगणकाच्या बाबतीत २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैरात या वस्तीतील लहानशा प्राथमिक शाळेत ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या लॅपटॉपवर पॅपर्ट यांच्या परंपरेतील कासवही होते. २०१५ साली मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. त्यांत पाठ्यपुस्तके होती. परंतु पुस्तक पडद्यावर आल्याने त्यातील वाक्यरचना बदलत नाही. त्याच सुमारास देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, टाटा ट्रस्ट्स आणि एमआयटी यांच्या सहकार्याने, माध्यमिक शाळांसाठी खेळ व संगणकीय साधने असलेला ‘क्लिक्स’ हा उपक्रम हाती घेतला. होमी भाभा केंद्राचाही त्यात सहभाग होता. तो राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणा या राज्यांसाठी होता आणि त्याच्या भाषा हिंदी, तेलुगू व इंग्रजी होत्या. मुंबईत सिद्ध झालेल्या या कामात मराठी नव्हती, याचे कारण योजनेच्या कार्यक्षेत्रात होते. परंतु साधन, अनुभव आणि तज्ज्ञ हाताशी असता मराठीसाठी तसेच काम का झाले नाही, हे आपण आपल्याला विचारले पाहिजे.

६. खेळातून येणारे शब्द

बाजारातील खेळ खेळणारे मूल मोकळ्या हाताने वर्गात येत नाही. ‘पॉवर’, ‘एनर्जी’, ‘स्पीड’, ‘लाइफ’ हे शब्द ते घेऊन येते. ‘पॉवर’ या एका शब्दात पाठ्यपुस्तकातील बल, शक्ती आणि ऊर्जा या तिन्ही संज्ञा एकवटलेल्या असतात. ‘एनर्जी’ पडद्याच्या कोपऱ्यात पट्टीने दाखविलेली असते. ती खर्च होते आणि काही वेळाने आपोआप भरते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ही ऊर्जा कोठून आली?’ असे विचारण्यास यापेक्षा चांगली जागा नाही. ‘स्पीड’मध्ये चाल आणि वेग दोन्ही मिसळलेले असतात. त्यात मराठीतील ‘चाल’ या शब्दाला बुद्धिबळातील खेळी, गाण्याची चाल, चालण्याची ढब असे अनेक अर्थ आहेत, आणि ‘वेग’ हा नित्याच्या बोलण्यात चालीचाच पर्याय आहे. वेगाला दिशा असते, हे व्याख्येने सांगितले तरी ठसत नाही; पडद्यावर धावणाऱ्या वस्तूस दिशादर्शक बाण जोडला की ठसते.

अनेक मराठी शाळांनी सेमी-इंग्रजीचा स्वीकार करून विज्ञान व गणित इंग्रजी संज्ञांतून शिकविण्यास प्रारंभ केला आहे. त्यामागील पालकांची चिंता समजण्यासारखी आहे. परंतु वरील विवेचनाच्या प्रकाशात पाहता संज्ञा बदलल्याने मूळ अडचण सुटत नाही. ‘बॉलमध्ये फोर्स होता, तो संपला’ हे वाक्य सेमी-इंग्रजी वर्गात सहज संभवते. त्यात नाम इंग्रजी आहे. विचार मात्र ‘-मध्ये’ या अव्ययातच अडकून राहिला आहे. परिभाषेचा आपला वाद आजवर बहुतांशी नामांपुरता राहिला: संस्कृत नाम घ्यावे, देशी घ्यावे की इंग्रजी घ्यावे. विज्ञानाची संकल्पना मात्र नामाइतकीच प्रत्ययांत, अव्ययांत आणि क्रियापदांत वसते, आणि हा भाग सर्वस्वी मराठीचा आहे. तो इंग्रजीतून उसना घेता येत नाही.

७. अध्यापनाचा क्रम

यावरून वर्गासाठी एक क्रम सुचविता येतो. प्रथम भाकीत: ‘आता ढकलले तर कोठे जाईल?’ याचे उत्तर प्रत्येकाने खेळण्यापूर्वी लिहावे. मग खेळ, त्यात शिक्षकाने मध्ये पडू नये. त्यानंतर संभाषण, आणि ते मुलांच्या स्वतःच्या मराठीत. ‘जोर’ हा शब्द आला तर तो खोडू नये. ‘जोर कशात होता? पडद्यावर तो कोठे दिसला? कमी झाला, तर कोणी कमी केला?’ असे विचारावे. या प्रश्नांनी ‘-त’ची जागा ‘-वर’ घेऊ लागते आणि ‘थांबला’च्या जागी ‘थांबवला’ येतो. संज्ञा सर्वांत शेवटी द्यावी. तोवर विद्यार्थ्याच्या मनात तिची जागा तयार झालेली असते, आणि ‘बल’ हा शब्द त्या जागी नेमका बसतो. अखेरीस कॅरमबोर्डाकडे परतावे आणि पावडरसह व पावडरीविना काय घडते, ते नव्या वाक्यांत सांगावयास लावावे. एक पडदा पुढे ठेवून सारा वर्ग हे करू शकतो. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र यंत्र असण्याची आवश्यकता नाही.

८. उपसंहार

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. ते काम मोलाचे होते आणि आहे. त्याच्या जोडीला आता दुसरे एक काम उभे आहे: मुले खेळताना, चुकताना आणि एकमेकांना समजावून सांगताना जे मराठी बोलतात ते ध्वनिमुद्रित करून त्यातील क्रियापदांचा, प्रत्ययांचा आणि शब्दयोगी अव्ययांचा अभ्यास करणे. हे काम पदार्थविज्ञानाचा अध्यापक एकटा करू शकणार नाही, आणि भाषाविज्ञानाचा अभ्यासकही एकटा करू शकणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दोन्ही विभाग मिळून हा विषय प्रबंधासाठी घ्यावा, इतका तो विस्तृत आहे. काळाचौकीतील मुलाच्या बोटांना न्यूटनचा नियम कळू शकतो, हे खेळाने दाखवून दिले आहे. तो नियम त्याला स्वतःच्या भाषेत सांगता येईल की नाही, हे मात्र आपल्या कामावर अवलंबून राहील.